महाराजांची चार पदं

परळ ते गिरगाव या टापूत अलीकडे जेवढे राजे झाले, त्यांतले निम्मे माझ्या मुलीच्या नाटकाच्या सरांनी गादीवर बसवले आहेत. सर डिलाईल रोडच्या शाळेत शिकवतात भूमिती. पण दिवाळीनंतरचे तीन रविवार एक ऐतिहासिक, एक फार्स आणि एक संगीत अशी जुनी नाटकं पोरांकडून करून घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. एकदा दिलेली भूमिका त्यांच्या लेखी जन्मभराची. आमच्या बँकेचे मॅनेजर त्यांचे जुने विद्यार्थी. भर गर्दीत सर त्यांना हाक मारतात, "विदूषका, जरा पासबुक भरून दे रे!" आणि साहेब निमूट उठतात.

आलेल्या प्रत्येक पोराला वाक्य मिळालंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "नुसता भाला धरून उभं राहायला पोर काय खांब आहे?" त्यामुळे एक सैनिक सांगतो, शत्रू आला. दुसरा विचारतो, कुठून? तिसरा म्हणतो, उत्तरेकडून. चौथा विचारतो, नक्की? तेवढ्यात शत्रू कंटाळून परत जाईल. पालकही आपलं वाक्य ऐकायला येतात. गेल्या वर्षी एक लालबागच्या आजी दुसऱ्या प्रवेशातच उठल्या. "आमच्या बाब्याचा झाला, चला आता घराक!"

यंदा मात्र शाळेच्या चालकांनी बजावलं, की संगीत नाटक दोन तासांत आटपलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हॉल शिकवणीच्या क्लासला. पेटी मीच वाजवतो, म्हणून सर वही घेऊन आमच्याकडे आले. मी म्हटलं, "सैनिक कमी करा." मी कुणाचा गळा कापायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. तीन कप चहा झाला. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि राजाची चारही पदं कापली. राजा माझी मुलगी होती. जूनपासून घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"महाराज, पदं गेली. सैन्य वाचलं," सर तिला म्हणाले. ती आत निघून गेली. खरं सांगतो, मलाही त्यांचा राग आला. चांगला दोन दिवस टिकला.

प्रयोगाला चालक पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसले होते. एकोणचाळीस सैनिकांनी एकोणचाळीस वाक्यं म्हटली, एकही अडखळला नाही. महाराज सिंहासनावरून "बरं" आणि "मग?" एवढंच बोलले. नाटक दहा मिनिटं आधी संपलं! सरांनी विंगेतून हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मला ओरडून सांगितलं, "धरा सूर!" आणि मुलीला पुन्हा पुढे ढकललं. ती एक पद गायली, चारांतलं सगळ्यात अवघड. हॉलमधून "वन्स मोअर!" उठला. एरवी या दोन शब्दांसाठी सर मेलेल्या सेनापतीलाही उठवतात; आज त्यांनी स्वतः दोरी ओढून पडदा पाडला. दोन मिनिटं शिल्लक होती. चालक जाताना "पुढच्या वर्षी बघू या" म्हणाले, म्हणजे हॉल वाचला.

रंगपटात मुलगी तोंडावरचा रंग पुसत होती. सर बाजूला येऊन उभे राहिले.

"रागावलीस का गं?"

"खूप, सर."

"पुढच्या वर्षी चारही गा. एकही कापत नाही."

"नक्की," ती म्हणाली.

मुलगी दहावीत आहे. पुढच्या वर्षी ती या शाळेत नसणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी पेटी बंद करायला घेतली.