आई बहार इधर

लग्न होऊन यमुना डांगे साताऱ्याहून लखनौला आली, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, तेव्हा तिला हिंदीत धड भाजीसुद्धा घेता येत नव्हती. नवरा लक्ष्मीकांत इंजिनिअर, दिवसभर ऑफिसात. ही रेडिओ लावून बसायची आणि निवेदकांच्या मागोमाग वाक्यं घोकायची. जिद्द इतकी दांडगी की पुढे एका छोट्या खासगी स्टेशनवर स्वतःच निवेदिका झाली, गाणीही लिहू लागली. आलमबागेत नुसतं "भैया, भिंडी" म्हटलं तरी भाजीवाला ओळखायचा, "अरे, रेडियोवाली दीदी!"

इतकी वर्षं सगळं हिंदीतच लिहिलं. यंदा तिची आई गेली, आणि तिने एका हिंदी गाण्याला मराठी धृपद दिलं: 'आई, दार उघड.' स्टेशनने ते एका गायिकेकडून परस्पर रेकॉर्ड करून घेतलं; यमुनाने अजून ऐकलं नव्हतं. गाणं तिच्याच कार्यक्रमात पहिल्यांदा वाजणार होतं.

तिने मोठ्या हौसेने ते लावलं. हेडफोनमध्ये गायिका गाऊ लागली, 'आई बहार इधर.'

यमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गाणं मध्येच बंद केलं. काचेपलीकडून निर्माते शुक्लाजी धावत आले.

"मॅडम, आई तो क्रिया है. कौन आई, पता ही नहीं चल रहा था. हमने बहार जोड़ दी."

"कौन आई? माझी आई! मेली ती!" यमुना मराठीतच ओरडली. माइक चालू होता. मग त्याच माइकवर तिने आपलं गाणं रडत, बेसूर, पण शेवटपर्यंत म्हटलं. शुक्लाजींनी तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

घरी येऊन तिने भांडी आपटली. शुक्लाचा उद्धार केला, मग अख्ख्या लखनौचा.

"आई! एवढा साधा शब्द! तेवढाही कळू नये मेल्याला?"

कॉलेजात जाणारी तिची मुलगी श्रुती दारात उभी राहून ऐकत होती.

"मम्मी, मैं भी तो तुम्हें आई ही बुलाती थी. स्कूल के गेट पर तुमने डाँटा था, यहाँ मम्मी बोलो, सब हँसते हैं."

"मग आता बोल ना! कोण अडवतंय तुला?" यमुना तिच्यावरही खेकसली.

श्रुतीने तोंड उघडलं, मिटलं.

"अब निकलता ही नहीं, मम्मी."