देवकाबाईंची बांधी

देवकाबाई कुणाच्याही घरी आल्या की आधी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलत. एक शीत बोटांत चिरडून निकाल देत, "पाणी जास्त झालं, बाई." माझा भात त्यांनी कधीच पास केला नाही. राग यायचा; पण माणूस पडलं भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. लग्न होऊन आल्या त्या राजूरच्या खाणीच्या वसाहतीत, आणि इथे चहूकडे कापूस. "भात नाही खाल्ला त जेवल्यावानी वाटतच नाही मले," म्हणायच्या.

खाणीत झिरपणारं पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडत. त्या नाल्याकाठच्या पडीक तुकड्याला देवकाबाईंनी बांध घातले आणि चक्क धानाची बांधी उभी केली. लोक हसले. या आपल्या चिखलात वाकून रोपं लावत राहिल्या. दिवाळीला नव्या धानाचे पोहे अख्ख्या वसाहतीत वाटायच्या. पंप माझा नवरा चालवायचा, म्हणून आमचा वाटा ओंजळभर जास्त.

गेल्या वर्षी खाण बंद झाली. पाऊस सरला होता, धान फुलोऱ्यावर होतं, आणि पंप थांबवायचा हुकूम आला. देवकाबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, दाणा भरेपर्यंत चालू ठेवा नं. मंग करा बंद."

"माह्या हातात काय हाय, वहिनी? लाइनच कापून राह्यले." नवऱ्याची मान वर होईना. साहेबांच्या पाया पडायचंच त्याने बाकी ठेवलं होतं.

मग आम्ही दोघी घरच्या नळाचं पाणी बादल्यांनी नेऊन ओतत राहिलो. जमिनीच्या भेगा ते पिऊन टाकत. लोंब्या आल्या त्या ताठच राहिल्या. दाणा भरला असता तर वाकल्या असत्या. देवकाबाईंनी तरीही कापलं, झोडपलं आणि सूप घेऊन वाऱ्यावर उभ्या राहिल्या. सगळं उडून गेलं. मी शेजारी उभी राहून नुसती रडले, दुसरं काय करणार?

दिवाळीनंतर वसाहत रिकामी व्हायला लागली. देवकाबाई मुलाकडे नागपूरला निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. भातात मुद्दाम पाणी जास्त घालून पार गिचका केला. म्हटलं, रागावतील तरी. त्या आल्या, बसल्या, पण झाकणाला हात लावला नाही. शेवटी मीच पातेलं पुढे केलं.

"पाहा बरं, आजही बिघडलाच नं?"

त्यांनी शीत उचललं नाही. पातेल्यात नुसतं बघत राहिल्या.

"असू द्या, बाई," म्हणाल्या, "याले पाणी त भेटलं."