आभाळातल्या तांडेलाचा शेवट

लवूकाका तिर्लोटकरांना इंग्रजीचा गंध नव्हता, आणि तरी आमच्या चिंचपोकळीच्या चाळीला इंग्रजी सिनेमा कळायचा तो त्यांच्याच तोंडून. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. आम्हालाही बऱ्याच गोष्टींचं हसू येतं, फक्त हल्ली हसायचा कंटाळा येतो.

संप फसला, गिरणीचं फाटक कायमचं बंद झालं, तेव्हा काका अठ्ठावीस वर्षांचे. साच्यावर कापड विणणारा माणूस दुसरं काय करणार? त्यांनी भाड्याने व्हीसीआर आणायला सुरुवात केली. रविवारी दुपारी तालमीच्या खोलीत टीव्ही मांडायचा, खिडक्यांना चादरी लावायच्या आणि स्वतः हातात लाकडी पट्टी घेऊन टीव्हीशेजारी उभं राहायचं. पडद्यावर गोरा माणूस तोंड हलवायचा आणि काका त्याचं मराठीत सांगायचे. अर्थात सगळं अंदाजपंचे. बाई रडली की तिचा भाऊ गेला, माणूस धावला की त्याची गाडी चुकली. पण असं ठासून सांगायचे, की शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

त्यातली एक कॅसेट सगळ्यात गाजली. कव्हर फाटलेलं, नाव कुणालाच ठाऊक नाही. नारिंगी सूट घातलेला एक माणूस यानातून एकटाच आभाळात जातो, यान बिघडतं, आणि तो घरी परतायची धडपड करतो. काकांचा आजा देवगडकडे मचव्यावर तांडेल होता, म्हणजे मचव्याचा कप्तान. काकांनी सिनेमाचं नाव ठेवलं ‘आभाळातला तांडेल’. यानाचं झालं गलबत, हवेच्या टाक्यांचं झालं पिण्याचं पाणी. अख्ख्या चाळीला सिनेमा समजला. खरंच समजला, आईशप्पथ.

त्या दिवशी सगळ्यात पुढे बसली होती काकांची आई, रखमाआजी. तिचा धाकटा मुलगा भिवा वर्षभरापूर्वी ‘सुरतेला काम बघतो’ म्हणून गेला होता. एक पोस्टकार्ड आलं, मग काहीच नाही. दोन माणसं सुरतेला जाऊन शोधून आली. आजी कुणाशी त्याबद्दल बोलायची नाही. फक्त दिवसा खोलीच्या दाराला कडी लावू द्यायची नाही.

सिनेमा शेवटाकडे आला आणि टेप खराब निघाली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, कानात खरखर. दुसरा कुणी असता तर मशीन बंद करून लोकांना घरी पाठवलं असतं. काकांनी पट्टी खाली ठेवली नाही. मुंग्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “हां, आता गलबत किनाऱ्याला लागलं. दार उघडलं. तो बघा, आई धावत आली त्याची!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीने हात जोडले, टीव्हीला की काकांना ते मला त्या वयात कळलं नाही.

त्यानंतर बारा वर्षं गेली, तरी भिवाचा पत्ता नाही. भटजींनी सांगितलं, बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याचे विधी करून टाका, जीव मोकळा होतो. आजीने त्यांना दारातूनच परत पाठवलं. “माझ्या लवून दाखवल्यान ना? तो बाप्या आभाळातसून घराक इलो. सुरत ती केवढीशी?” घरात पुन्हा कुणी विषय काढला नाही. आजी होती तोवर पितृपक्षात भिवाच्या नावाचं पान कधी वाढलं गेलं नाही, त्याची ट्रंक कुणी उघडली नाही. आजी अकरा वर्षांपूर्वी गेली. जातानाही दार उघडं ठेवायला सांगून गेली.

काकांनी मधल्या काळात कॅसेटची लायब्ररी चालवून पाहिली, सीडी आल्या तशी ती बुडाली. एका डॉक्टरच्या दवाखान्यात शिपाई म्हणून बारा वर्षं काढली. चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि सतराव्या मजल्यावर जागा मिळाली, पण आजी असतानाच काचबिंदूने दोन्ही डोळे खाल्ले होते. समुद्र दिसतो म्हणतात तिथून. काकांना त्याचा काय उपयोग?

गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडला चार्जर घ्यायला गेलो होतो. फुटपाथवर जुन्या डीव्हीडी पसरून एकजण बसला होता आणि त्यात तो नारिंगी सूट! मी पन्नाशीचा माणूस, तिथेच उकिडवा बसलो. शनिवारी दुपारी काकांकडे गेलो. लिफ्ट बंद होती, त्यामुळे वर पोचेपर्यंत निम्मा उत्साह जिन्यावरच सांडला.

“काका, तांडेल सापडला,” मी म्हणालो.

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत सरळ झाले आणि विचारलं, “शेवट आसा त्याच्यात?”

“असणारच. नवी कॉपी आहे, खाली इंग्रजीत लिहूनही येतं.”

सुभद्राकाकू आत कणीक मळत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. “धन्या, तो शेवट मी कधी बघूकच नाय. माझ्या मनाचा सांगितलंय. आये पुढ्यात बसलेली, काय करू? आता माका खरा सांग. तो घराक गेलो असलो, तर मी खोटा नाय बोललंय. नाय गेलो, तर माझ्या आयेक मी तीस वर्सां दारात बसवून ठेवलंय.”

एवढं ओझं घेऊन हा माणूस चाळीस वर्षं वावरत होता आणि आम्ही त्याच्या गोष्टींवर विनोद करत होतो.

डीव्हीडी लावली. आता मी टीव्हीशेजारी आणि काका समोर. मी सांगत गेलो. काकांनी तेव्हा बहीण म्हणून सांगितलेली बाई वरिष्ठ अधिकारी निघाली. त्यांनी सांगितलेलं भूत निघालं कॉम्प्युटर. काका म्हणाले, “म्हणान तेका पाय नव्हते,” आणि दोघंही थोडं हसलो. तेवढंच.

मग तो शेवट आला. इंधन संपलं. त्या माणसाने खालच्या लोकांचा निरोप घेतला, स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला आणि खिडकीशी बसून लहान लहान होत जाणारी पृथ्वी बघत राहिला. बस्स. कुणी धावत आलं नाही.

मी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याने राहवलं नाही. “काका, उतरला,” मी म्हणालो. “समुद्रात उतरला. होड्या आल्या. दार उघडलं. आई आहे काठावर, धावतेय.”

काका मान कलती करून ऐकत होते. टीव्हीतून कसल्यातरी यंत्राची बारीक घरघर येत होती, दुसरं काही नाही.

“धन्या,” ते म्हणाले, “दर्या खय आसा?”

मी पडद्याकडे बघितलं.

“इतक्या वरसून दर्यात पडलो तर आवाज येतलो. माणसा बोंब मारतली. माझे डोळे गेले, कान नाय गेले. माझ्या वक्ताक नुसती खरखर होती, तिच्यात काय पण खपान जायचा. हयसर नाय खपणा.” मग हळूच विचारलं, “नाय गेलो ना?”

“नाही गेला, काका.”

मला स्वतःची लाज वाटली. चाळीस वर्षांनी एका माणसाने खरं मागितलं आणि मी त्यालाच त्याची शिळी गोष्ट गरम करून वाढायला निघालो होतो.

काका रडले नाहीत. नुसते दमलेले दिसले, जिना चढून मी आलो होतो पण धाप त्यांना लागल्यासारखी. मग त्यांनी हाक मारली.

“सुभद्रा, अमावस्या कधी?”

“बुधवारी.” काकू पिठाचे हात घेऊनच दारात आल्या.

“सर्वपित्रीक आई-बाबांच्या पानांबरोबर आणखी एक पान वाढ. भिवाचा.”

काकू तिथेच उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं.

“वाढतंय मी,” त्या म्हणाल्या. “आई गेल्या त्या वर्सापासून वाढतंय. तुमच्या बाजूकच असता.”

काकांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थांबला. “माका कधी सांगूक नाय तां?”

“तो येतलो म्हणान तुम्हीच सगळ्यांका सांगितलास. मी काय सांगू?”

मी उठून टीव्ही बंद केला.

“काय वाढतंस त्याका?” काकांनी विचारलं.

“काळ्या वाटाण्याची उसळ.”

काकांनी मान हलवली. “तिखट कमी घाल,” ते म्हणाले. “उचकी लागायची त्याका.”