स्कूटीवरचा ड्रॅगन

नातवंडांनो, तुम्ही दोघे ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचता, म्हणून या बाईंबद्दल लिहिते. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. चेहराही दिसला नाही, कारण पुण्याच्या रीतीप्रमाणे डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेला असे. धायरीच्या मैदानावर मी सकाळी फिरायला जायचे, तेव्हा त्या स्कूटी शिकत. एकदा ट्रकजवळ पडल्यापासून त्या दोन्ही पाय जमिनीवर घासत गाडी चालवायच्या. हिंजवडीला आयटी कंपनीत नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि कंपनीची बस धायरीत येत नव्हती.

"अहो, स्कूटीवर पुढे हे पालीचं चित्र कशाला डकवलं?" मी विचारलं.

"पाल नाही आजी, ड्रॅगन आहे. माझी भीती समजा. कादंबऱ्यांत त्याला मारणारे असतात, तसे त्याच्यावर बसणारेही असतात. मला बसायचंय."

"मग आधी पाय वर घ्या. ड्रॅगनवर बसून कोणी चपला झिजवत नाही."

त्या हसल्या, पण पाय खालीच राहिले.

सोमवारी सिंहगड रस्त्यावर सिग्नल सुटला आणि गर्दीतून तोच ड्रॅगन माझ्यासमोरून गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते योग्यच होतं. नजर रस्त्यावर होती आणि दोन्ही पाय वर.