लेकराला कोण छळून राहिलं

आमच्या हिंगोलीच्या हळदीच्या आडत दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला जे गृहस्थ येतात, ते सर्व्हरला लेकरू म्हणतात. चपला बाहेर काढून ते आत येतात, सर्व्हरच्या पेटीला कान लावतात आणि डोळे मिटून निदान सांगतात, "कण्हून राहिलं."

मध्यंतरी डिस्कचा दिवा सारखा लुकलुकू लागला. आतल्या फाइली बघण्याआधी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "मुनीमजी, माणसाचंच काम हाय हे. लेकराला कोणीतरी छळून राहिलं. एक डाव सापडू द्या." आणि त्यांनी पेटीसमोर कॅमेरा बसवला.

तेव्हापासून दिवा लुकलुकायचा थांबला. तो पेटलेलाच राहू लागला. काट्यावर हळद मोजून व्हायची, पण पावती काही निघायची नाही. पोत्यांवर बसलेले लोक आमचा उद्धार करू लागले. शेवटी डिस्कवर कोणती फाइल सारखी लिहिली जातेय, हे त्यांनी शोधलं. फाइल उघडली, तर पडद्यावर पेटीला कान लावून बसलेला पाठमोरा माणूस. कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग त्याच सर्व्हरवर साठत होतं.

मला वाटलं, आता ओशाळतील. पण ते उठले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि बोट नाचवत म्हणाले, "काहून रे, लेकराला तकलीफ देऊन राहिला?"

कॅमेरा काढायचं त्यांना नंतर सुचलं. तोवरचं सगळं झापणं डिस्कवर बराबर लिहिलं गेलं.