प्रोसेसरचं मलम

खणात थर्मल पेस्टची जुनी ट्यूब सापडली आणि पनवेलचे थोरले मेहुणे आठवले. त्यांचा म्हातारा कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल, आता बदलायला हवी, असं मी एकदा पंगतीत सुचवलं. "जावईबापू कॉम्प्युटरला मलम लावायला निघालेत," म्हणत त्यांनी सगळी पंगत हसवली. पुढच्या मे महिन्यात सुकापूरच्या हॉलमध्ये त्यांची एकसष्टी झाली. तोच कॉम्प्युटर आणवून पडद्यावर त्यांचा जीवनप्रवास दाखवत होते. मंत्र्यांशी हस्तांदोलनाचा फोटो आला आणि पडदा काळा झाला. मेहुणे शाल सावरत, घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "बघा ना जरा." याच दिवसासाठी घेतलेली ट्यूब माझ्या खिशात होती. मी जिलबी संपवली आणि म्हणालो, "फुंकर घालून बघा, दादा." त्या ट्यूबचं सील अजून शाबूत आहे. फेकवत नाही.