व्हरांड्यात ठरलेला निकाल

मोठे साहेब स्वतःची खुर्ची स्वतः उचलून मॅडमच्या व्हरांड्यात आले, तेव्हाच मी समजलो, आज काहीतरी वेगळं आहे. मी धावलो. खुर्ची त्यांनी दिली नाही.

गडचिरोलीच्या रेस्ट हाऊसमधली सकाळ. एका तालुक्याला कोर्टाच्या नवीन इमारतीचं उद्घाटन होतं, म्हणून दोन्ही जज, सिनियर मोठे साहेब आणि ज्युनियर मॅडम, नागपूरहून आले होते. मी हायकोर्टात मॅडमचा चोपदार. जज कोर्टात जाताना त्यांच्या पुढं दांडा घेऊन चालायचं, बसताना खुर्ची सरकवायची, पाणी ठेवायचं, फायली सांभाळायच्या. शाळा नववीतच सुटली. वडशाच्या राइस मिलमध्ये पोती उचलली, मग नशिबानं ही नोकरी लागली. बायको म्हणते, झाडीपट्टीच्या नाटकातला राजाचा दरबान झाले तुम्ही, फक्त इथी महिन्याले पगार मिळते. खरं आहे. गाव सुटलं, पण घर चाललं. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मॅडमनी स्वतः डॉक्टरांना फोन केला होता, ते मी विसरत नाही. आणि नोकरी जाईल ही भीतीही जात नाही.

कसं समजलो, ते सांगतो. डिव्हिजन बेंच म्हणजे दोन जज एकत्र बसतात. त्यात ज्युनियर जज सिनियरच्या चेंबरमध्ये जातात. सिनियर कधी ज्युनियरकडे येत नाहीत. आले, म्हणजे त्यांना काहीतरी मागायचं असतं.

काय मागायचं होतं, ते मला माहीत होतं. जंगलातल्या एका गावाची केस होती. खाणीच्या ट्रकांसाठी गावालगतचं जंगल तोडून रस्ता करायचा होता. त्याला ग्रामसभेची संमती लागते. कंपनी म्हणे, संमती झाली, सभा तालुक्याला घेतली. गावकरी म्हणत, आम्ही त्या सभेला गेलोच नाही. कोर्टानं झाडतोडीला स्टे दिला होता. मॅडमनी निकालाचा ड्राफ्ट लिहून साहेबांकडे पाठवला होता. अशा ड्राफ्टवर दुसऱ्या जजची सही झाली की तो निकाल. साहेबांनी तो ठेवून घेतला होता.

गावाकडून मडावीदादा दर तारखेला यायचे. म्हातारा माणूस. माझ्या बोलण्यावरून मी त्यांच्याच भागातला आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. एकच म्हणायचे, "बापू, झाडं तं पाह्यजेच. पण आमी खोटं बोलून नाई राह्यलो, हे कोर्टानं लिवाव." मी मान हलवून पुढं जायचो. पक्षकाराशी बोलायची आम्हाला मनाई.

साहेब बसले. मला जा म्हटलं नाही, म्हणून मी उभाच राहिलो.

"ड्राफ्ट चांगला आहे," साहेब म्हणाले. "एक वाक्य सोडून."

"कोणतं ते मला माहीत आहे, सर."

"'गावानं संमती दिलीच नव्हती.' हे लिहिलं की संमती झाली म्हणणारे सगळे अधिकारी खोटे ठरतात. आपण साक्षी घेतल्यात का?"

"सभेच्या दिवशी पूर होता, सर. नदीवर पूल नाही. ही माणसं तालुक्याला पोहोचली कशी?"

"ते मलाही दिसलं," साहेब म्हणाले. "पण मी त्यावर सही करणार नाही. तुम्ही वेगळा निकाल लिहा, मी वेगळा लिहितो. केस तिसऱ्या जजकडे जाईल."

"जाऊ दे."

"आणि स्टे? तो निकालापर्यंतच आहे. पुढं वाढवायला दोघांची सही लागेल. माझी मिळणार नाही."

मॅडमनी चहाचा कप बाजूला सारला. चहावर साय धरली. मी कप बदलावा का, हेही मला सुचेना. तिसरा जज नेमला जाईपर्यंत झाडं कापणारी आरा मशीन थांबत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"वाक्य काढते," मॅडम म्हणाल्या. "पण ग्रामसभा पुन्हा होईल. गावातच."

"मान्य."

"जिल्हा न्यायाधीश स्वतः हजर राहतील."

"तिथं जाणार कसे ते?"

"गावकरी आपल्याकडे येतात तसे."

साहेब पहिल्यांदा हसले. "तालुक्याचा जज जाईल. जिल्ह्याचा नाही."

"बरं. आणि सभा होऊन कोर्टासमोर अहवाल येईपर्यंत झाड तुटणार नाही."

"ठीक."

"गावकरी खोटं बोलले असं आम्ही म्हणत नाही, एवढं तरी राहू द्या, सर."

साहेबांनी कपाळ चोळलं. "'त्यांच्या म्हणण्याच्या खरेखोटेपणात आम्ही जात नाही.' असं लिहा."

मॅडमनी कुंपणापलीकडच्या सागाकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाल्या, "पेन दे."

साहेब वाईट माणूस होते असं कुणी समजू नये. सही करताना म्हणाले, "थकलो मी. माझ्या उमेदीत तुमच्यासारखं लिहायचो. वर सुप्रीम कोर्टात ते टिकायचं नाही."

सोमवारी नागपूरला निकाल वाचला गेला. दोघांच्या सह्या, एकच मत. मॅडमनी आवाज न बदलता वाचलं. गावाचा वकील खूश झाला. मडावीदादा कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते. निकाल उघड झाला होता, म्हणून मी थांबलो.

"झाडं राह्यली, दादा. सभा तुमच्या गावातच होईल."

"वकीलसाहेबानं सांगतलं. आन आमी खोटं नाई बोललो, ते लिवलं का?"

"त्यात कोर्ट गेलं नाई."

"काऊन? आमी तं तेच सांगाले आलतो."

"दोन जज रायते, दादा. दोघायले पटन तेवढंच लिवते."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आमच्या गावातबी असंच मिटवते. पण ज्याची गोष्ट आहे, त्याले समोर बसवते."

दुपारी मॅडमनी चेंबरमध्ये विचारलं, "गावातली माणसं खूश आहेत ना?"

"हो मॅडम. झाडं वाचली म्हणून."

त्यांनी पुढची फाइल मागितली. मडावीदादा काय म्हणाले, ते माझ्यापाशीच राहिलं.

सभा झाली. गावानं नाही म्हटलं. कंपनी दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेली, केस अजून तिथंच आहे, आणि झाडंही उभी आहेत. म्हणजे व्हरांड्यातला सौदा टिकला. आता साहेब रिटायर झाले, मॅडमची बदली झाली, मी दुसऱ्या जजपुढं दांडा घेऊन चालतो. कोणी नवीन माणूस विचारतो, दोन जज कशाला लागतात? मी म्हणतो, एकाची चूक दुसऱ्यानं काढावी म्हणून. कधी कधी त्यात बरोबर असलेलंही निघून जातं.